मागून घेतलेला वेग

के. आर. पुरमच्या कचेरीबाहेर करंजाच्या झाडाखाली माझे टेबल आहे. ज्यांना आपले म्हणणे सरकारापुढे मांडता येत नाही, त्यांचे म्हणणे मी मांडतो. लोक मला अर्ज लिहिणारा म्हणतात. मी स्वतः अर्जनवीस हा शब्द पसंत करतो, कारण त्यात नुसत्या लिहिण्यापेक्षा अधिक काही आहे असे माझे मत आहे. शाळा मी सातवीत सोडली. परंतु सीमेवरच्या आमच्या गावात घरी मराठी आणि बाजारात कन्नड असल्यामुळे दोन्ही भाषा मला सारख्याच वश झाल्या, आणि पुढे बेंगळुरात आल्यावर कचेरीची इंग्रजीही मी ऐकून ऐकून हस्तगत केली. माझ्या अर्जातील वाक्य साहेबांनी आपल्या माणसांना मोठ्याने वाचून दाखवल्याचे प्रसंग घडलेले आहेत. हे आधी सांगण्याचे कारण असे की, पुढे ज्या भयाचे वर्णन मी करणार आहे ते एखाद्या अडाणी माणसाचे भय नव्हते, हे वाचकांच्या ध्यानात असावे.

एका सकाळी, शेजाऱ्याने कुंपणाची भिंत आत सरकवल्याची तक्रार घेऊन एक बाई माझ्यासमोर बसली होती. तिची हकीगत ऐकत मी लिहीत होतो. 'मी अत्यंत' इथपर्यंत लिहिले आणि पुढचा शब्द सापडेना. अक्षरे कागदावरून बाजूला घसरू लागली. पुन्हा डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर होतो, वर निळी ताडपत्री होती आणि ती बाई शेजारच्या टेबलवाल्याला सांगत होती, "बघा, माझं दुःख ऐकून माणूस पडला."

शेजारचा टेबलवाला हा टायपिंग करणारा कन्नड गृहस्थ. आमचे संबंध स्नेहाचे आणि स्पर्धेचे असे दोन्ही आहेत. त्याने मला पाणी पाजले, रिक्षात घातले आणि इस्पितळात पोहोचेपर्यंत माझा हात सोडला नाही. मात्र मी बरा होऊन परत आल्यावर पहिला प्रश्न त्याने हाच विचारला, "अण्णा, त्या बाईचा अर्ज मीच पुरा केला. 'अत्यंत' च्या पुढे तुम्हाला काय लिहायचं होतं?"

इस्पितळात असे निष्पन्न झाले की माझ्या हृदयाला मधूनमधून थांबण्याची सवय लागली आहे. ते चालते, पण एखादे वेळी पुढचा ठोका द्यायचे विसरते. त्यावर उपाय म्हणून माझ्या डाव्या खांद्याखाली, गळ्याच्या हाडाशी, कातडीच्या आत एक यंत्र बसवण्यात आले. काडेपेटीहून लहान, गुळगुळीत, चपटे. त्यातून एक तार हृदयात गेलेली आहे. हृदय विसरले की यंत्र त्या तारेतून आठवण करून देते. हे मला डॉक्टरबाईंनी समजावून सांगितले. त्या कन्नडमध्ये बोलत. येथे मी त्यांचे बोलणे मराठीत देत आहे, आणि भाषांतराच्या कामात माझा हात बसलेला आहे.

"ह्याची बॅटरी?" मी विचारले.

"आतच असते. ती बाहेरून भरता येत नाही. संपत आली की पुन्हा तिथंच छोटी शस्त्रक्रिया करून पेटी बदलायची."

"आणि किती वर्षं चालते?"

"दहा वर्षं धरा. पण ते वापरावर आहे."

दहा वर्षे हा आकडा मी ऐकला आणि तृप्त झालो. 'वापरावर आहे' हे शब्द त्या वेळी माझ्या कानावरून गेले. पुढे तेच शब्द मला दिवसभर ऐकू येऊ लागले.

शस्त्रक्रियेची जखम भरल्यावर काही महिन्यांनी पहिल्या तपासणीला बोलावले. एका खोलीत पडदा असलेले यंत्र होते. त्याला जोडलेली एक चपटी चकती डॉक्टरबाईंनी माझ्या छातीवर ठेवली आणि आतल्या पेटीशी बोलणे सुरू केले. पत्नी बाहेर औषधांच्या रांगेत होती. डॉक्टरबाईंनी पडद्यावरून नजर न काढता विचारले, "चक्कर येते का?"

आता येथे माझ्या व्यवसायाचा एक नियम सांगणे आवश्यक आहे. जे गाऱ्हाणे आहे तेवढेच लिहिले तर ते कधीही मंजूर होत नाही. वाचणारा अर्धेच वाचतो आणि वाचलेल्यातले अर्धेच मानतो. म्हणून छत गळत असेल तर भिंतही खचत चालली आहे असे लिहावे लागते. आठवड्यातून दोनदा पाणी येत नसेल तर पाण्याचे दर्शनच होत नाही असे म्हणावे लागते. ह्यात असत्य काही नाही. ही मांडणी आहे, आणि सर्व बाजूंना ती ठाऊक असते. अर्जदार वाढवतो, साहेब कापतो, आणि मधे कुठेतरी न्याय होतो.

प्रत्यक्षात मला चक्कर आली होती ती एकदाच. घरी उकिडवे बसून फरशीखाली गेलेले टोपण काढत होतो आणि झटकन उठलो, तेव्हा क्षणभर भिंत हलल्यासारखी वाटली. परंतु डॉक्टरबाईंनी प्रश्न विचारला आणि माझ्या तोंडून जे बाहेर पडले ते असे: उठताबसता डोळ्यांपुढे अंधारी येते, हातापायांतले बळ गेल्यासारखे होते, लिहिताना शब्द हरवतात, आणि संसाराचा सर्व भार माझ्या एकट्याच्या लेखणीवर असल्यामुळे ह्या अवस्थेत कुटुंबाचे काय होईल ह्या चिंतेने मी ग्रासलो आहे.

डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "मी आज ह्याचा जोर, म्हणजे एका ठोक्याला लागणारी वीज, कमी करणार होते. सुरुवातीला आम्ही तो जास्त ठेवतो, तार नीट रुजेपर्यंत. वेगही सध्या मिनिटाला साठ ठोके आहे, तोही कमी चालला असता."

"कमी नको," मी म्हणालो. "कमी करण्यासारखी माझी परिस्थिती नाही."

त्यांनी थोडा विचार केला. जोर होता तसाच ठेवला आणि वेग सत्तर केला. म्हणजे माझे हृदय सत्तरच्या खाली आले की यंत्राने ठोका द्यायचा. "बघू या काही महिने," त्या म्हणाल्या. मी खोलीबाहेर आलो तो एखादे जुने प्रकरण निकालात काढल्यासारखा. दुसऱ्या दिवशी टायपिंगवाल्याला म्हटले, "साठ होते. सत्तर मंजूर करून घेतले." तो म्हणाला, "ऐंशी मागायचे होते, अण्णा. सत्तरवर कापून दिले असते आणि तुम्हाला वाटले असते आपण हरलो."

त्यानंतरच्या तपासणीला डॉक्टरबाई शस्त्रक्रियेत अडकल्या होत्या. यंत्र तपासणारे एक गृहस्थ तेवढे होते. त्यांनी चकती छातीवर ठेवली, पडद्याकडे पाहिले, एक बटण दाबले, पुन्हा पाहिले. जो माणूस दोनदा पाहतो त्याच्या चेहऱ्यावर काय असते हे कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. मी विचारले, "बॅटरी?"

"पाच वर्षं दाखवतंय, सार."

"मागे दहा म्हणाले होते."

"वापर जास्त होतोय. मॅडम पुढच्या तपासणीला बघतील."

एवढेच बोलून त्यांनी पुढच्या माणसाला आत घेतले. मी शर्टाची बटणे लावत बाहेर आलो. ती चुकीच्या काजांत गेली आहेत हे मला घरी आल्यावर कळले. पत्नीला मी म्हणालो, "सर्व व्यवस्थित आहे." त्याआधी इस्पितळातच, खोलीबाहेरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ भेटले होते, त्यांच्याही छातीत असेच यंत्र होते. त्यांनी आपणहून मला माहिती दिली की बॅटरी अगदी तळाला गेली की काही यंत्रे आतून वाजतात. "छातीतनं आवाज येतो म्हणे. मी तर रात्री कान लावून झोपतो," ते म्हणाले आणि हसले. आपल्याच छातीला कान कसा लावता येईल हे मी त्यांना विचारले नाही. मी हसलोही नाही.

वापर जास्त होतोय. ह्या वाक्याचा अर्थ मी माझ्या बुद्धीप्रमाणे लावला, आणि तो चूक आहे असे कोणालाही वाटले नसते. घरात दिवे जास्त जाळले तर वीज जास्त जाते. मोबाइलवर मुले चित्रे पाहत बसली की तो दुपारीच मान टाकतो. तेव्हा हृदयाकडून काम जास्त घेतले तर हृदयाची बॅटरी संपणार, हे उघड होते. मी काटकसर सुरू केली.

आमचे घर रुळांच्या एका बाजूला आणि कचेरी दुसऱ्या बाजूला. वर्षानुवर्षे मी स्टेशनच्या पादचारी पुलावरून ये-जा करीत आलो. तो पूल मी सोडला. रिक्षाने लांबचा वळसा घेऊन जाऊ लागलो. टेबलाशी बसलो की उठत नसे. आत कचेरीत कागद नेऊन देण्याचे काम, जे मी कोणावर सोपवत नसे, ते अर्जदारांवरच सोडले. बोलणे हळू केले. संतापणे बंद केले. माझ्या हाताखालून गेलेल्या अर्जात कारकुनाने चूक काढली तरी मी 'सरी, सरी', म्हणजे बरं बरं, एवढेच कन्नडमध्ये म्हणून गप्प राहू लागलो. घरी आल्यावर खुर्चीत बसत असे ते जेवायलाच उठत असे, आणि जेवणही थोडे, कारण पचनाला हृदय लागते असे मी कुठेतरी ऐकले होते.

आणि सारखा हात छातीकडे जाई. लिहिता लिहिता थांबलो की बोटे शर्टाच्या आत सरकत आणि ती पेटी चाचपत. कातडीखाली ती किंचित हलते. तिच्यात एक गोष्ट संपत चालली आहे आणि ती मला दिसत नाही, ऐकू येत नाही, तिला वासही नाही. समोर बसलेला माणूस आपल्या जमिनीच्या उताऱ्याचे सांगत असे आणि मी मनात म्हणत असे, ह्याचे ऐकता ऐकता किती गेली? अर्जाच्या शेवटचे 'आपला नम्र' लिहिताना वाटे की ह्या दोन शब्दांपुरती तरी गेलीच. झाडावरून करंजाची शेंग ताडपत्रीवर पडली तरी मी दचके, आणि दचकलो म्हणून घाबरे, कारण दचकण्यात ठोके वाया जातात.

टायपिंगवाल्याने दोन आठवडे पाहिले. मग म्हणाला, "अण्णा, तुम्ही बसलात की पुतळा बसवल्यासारखं वाटतं. परवा एका बाईनं तुमच्यापुढं फूल ठेवायला काढलं होतं."

"प्रकृतीचा प्रश्न आहे."

"प्रकृतीला काय झालं? यंत्र आहे ना आत? माझ्या आत तर काहीच नाही. मी तर स्वल्प जास्तच घाबरायला हवं."

मी पुढचा कागद ओढला. उत्तर देण्यातही खर्च होता.

घरी पत्नीचे बोलणे अधिक धारदार होते. ती आमच्या गावाकडचीच. इतकी वर्षे ह्या शहरात राहूनही तिची भाषा तसूभर बदललेली नाही. सकाळी मी रिक्षाला हाक मारली की ती दारातून म्हणे, "काय ओ, आज बी रिक्षाच? पाय तर धड हायत न्हवं?" संध्याकाळी म्हणे, "उठा, कोपऱ्यापतोर जाऊन कोथिंबीर तरी आणा." मी म्हणे, "डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे." ती म्हणे, "कोणच्या डॉक्टरनं? मी तर त्यांचं त्वांड बी बघितलं न्हाई अजून." पाच वर्षांचा आकडा मी तिला सांगितला नव्हता. सांगितला असता तर तो घरात उच्चारला गेला असता, आणि उच्चारलेल्या गोष्टीला मग तोंड द्यावे लागते.

आणि एवढे करूनही माझी प्रकृती खालावत चालली. जिन्याच्या दोन पायऱ्या चढलो तरी दम लागे. पाय जड झाले. ह्याचा अर्थही मी लावला: बॅटरी उतरत आहे.

मग एका संध्याकाळी वीज गेली. आमच्या भागात ती जाते, त्यात नवल नाही. घरात इन्व्हर्टर आहे. पत्नी मागच्या बाजूला कपडे काढायला गेली होती. मी पुढच्या खोलीत खुर्चीत होतो. दिवा लागला, थोडा वेळ जळला आणि मंद झाला. आणि मग मला तो आवाज ऐकू आला. बारीक, कोरडा, एकसारख्या अंतराने. टीं. मग शांतता. मग टीं.

मी हललो नाही. आवाज खूप जवळून येत होता. मी श्वास रोखून पाहिला; आवाज थांबला नाही. छातीवर हात ठेवला. हाताखाली ती पेटी होती आणि मला खात्री झाली की आवाजाबरोबर ती किंचित थरथरते आहे. पत्नीला हाक मारायची इच्छा झाली, पण हाक मारायला ठोके लागतात, आणि आता जे काही शिल्लक होते ते हाकेत घालवावे की आणखी थोडा वेळ बसण्यात, हे मला ठरवता येईना. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला तो मी पुसला नाही. लोकांची इतकी गाऱ्हाणी मी मांडली. ह्या वेळी कोणापुढे काय मांडावे ते सुचेना. प्रति कोणास लिहावे हेच ठाऊक नव्हते.

पत्नी हातात कपड्यांचा ढीग घेऊन आत आली. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, मग माझ्या खुर्चीमागे वाकली आणि काहीतरी खटकन बंद केले. आवाज थांबला. दिवाही गेला.

"इन्व्हर्टरचं पाणी आटलंय. मागल्या आठवड्यातच सांगितलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. मग मोबाइलचा उजेड तिने माझ्या तोंडावर धरला. कपडे पलंगावर टाकून ती माझ्या समोर खाली बसली. "काय झालंय?"

मी सांगितले. पाच वर्षे, वापर, आतून येणारा आवाज, सर्व. शेवटी ती म्हणाली, "एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही चालत न्हाई, बोलत न्हाई, रागावत बी न्हाई. दोन महिनं झालं खुर्चीला चिकटल्यासारखं बसलाय. मग ह्यो वापर करायलंय तरी कोण?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता, आणि आता सुचल्यावर माझे भय कमी होण्याऐवजी वाढले. मी काही करत नाही आणि तरी ते संपत आहे, म्हणजे ते माझ्या हातातच नाही. पत्नी म्हणाली, "ह्या वेळी मी आत येणार. रांगेत तुम्ही उभं ऱ्हावा."

रांगेत कोणीच उभे राहिले नाही. दोघेही आत गेलो. डॉक्टरबाईंनी चकती छातीवर ठेवली आणि पडद्यावर बराच वेळ वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, "बसून असता का बराच वेळ?"

"सारखंच," पत्नीने कन्नडमध्ये उत्तर दिले. "देवासारखं."

"हालचाल का बंद केली?"

"बॅटरी वाचवण्यासाठी," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत, ह्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "नीट ऐका. तुमचं हृदय स्वतः चालतंय. बसलेलं असताना साठ-बासष्टनं चालतं. पण यंत्राला सांगितलंय सत्तर. म्हणजे तुमचं हृदय ठोका देणार त्याच्या आधीच यंत्र देऊन टाकतं. त्याला संधीच मिळत नाही. तुम्ही चाललात, जिना चढलात, तर तुमचं हृदय आपणहून सत्तरच्या वर जातं आणि यंत्र नुसतं पाहत राहतं. पाहायला फार वीज लागत नाही. ठोका द्यायला लागतं. तुम्ही जितका वेळ बसलात तितका वेळ त्यानं काम केलं."

पत्नीने माझ्याकडे ज्या प्रकारे पाहिले ते लिहून काढायला एक स्वतंत्र कागद लागेल.

"शिवाय जोर," डॉक्टरबाई पुढे म्हणाल्या. "तो शस्त्रक्रियेच्या वेळचाच आहे. जोर दुप्पट ठेवला तर खर्च चौपटीच्या घरात जातो. मागेच कमी करायचा होता."

"मग का नाही केला?" पत्नीने विचारले.

"ह्यांना फार चक्कर येत होती ना. अंधारी, अशक्तपणा. म्हणून."

"कवा?" पत्नी मराठीत माझ्याकडे वळून म्हणाली. एवढा एकच शब्द.

डॉक्टरबाईंना मराठी येत नसावी, पण तो शब्द त्यांना कळला. त्यांनी हात पडद्यावरून काढला. "हे बघा. खरंच अंधारी येत असेल तर मी काहीही कमी करणार नाही. बॅटरी लवकर गेली तर जाऊ दे, पेटी बदलू. ती अचानक बंद पडत नाही, कित्येक महिने आधी आम्हाला कळतं. पण येत नसेल तर आत्ता कमी करते. तुम्ही सांगाल त्याप्रमाणे. चक्कर येते का?"

तो एक प्रश्न होता आणि मला दोन्ही उत्तरांचे भय वाटत होते. येते म्हणालो तर आतली बॅटरी अशीच वाहून जाणार, आणि पुन्हा ती चीर, तो हिरवा कपडा, तो दिवा. येत नाही म्हणालो तर माझ्या स्वाधीन असलेली जी एक गोष्ट मी मागून मिळवली होती ती काढून घेतली जाणार, आणि मग एखाद्या दुपारी टेबलाशी हृदय पुन्हा विसरले तर? इतक्या वर्षांत मी कधीही कमीची मागणी लिहिलेली नव्हती. कोणत्या शब्दांनी सुरुवात करावी हेच मला कळेना. शेवटी मी म्हणालो, "एकदा आली. उकिडवा बसून झटकन उठलो तेव्हा. त्यानंतर नाही."

"बस?"

"बस."

"मग तपासून बघू," त्या म्हणाल्या. "आडवे राहा."

तपासणीची ती काही मिनिटे मी कोणत्याही अर्जात मांडू शकणार नाही. प्रथम त्यांनी यंत्राचा वेग खाली खाली नेला, माझे स्वतःचे काय चालले आहे ते पाहण्यासाठी. मी छताकडे पाहत होतो आणि वाट पाहत होतो. कशाची, हे सांगायला नको. काही झाले नाही. "चालतंय," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आता ठोके यंत्र देणार, जरा भरभर वाटेल," आणि पडद्यावर बोट टेकवले, आणि माझे हृदय धावू लागले. मी पडून होतो. मी काहीही केले नव्हते. माझ्या छातीत दुसऱ्याचे बोट होते आणि ते बोट दोन हात दूर एका पडद्यावर होते. पत्नीने माझा पाय धरला. हात तिला सापडला नसावा. "आता जोर कमी करत जाते. कुठं पुरत नाही ते बघायचंय. एखादा ठोका चुकेल. घाबरू नका."

मी वाट पाहू लागलो. ठोका, ठोका, ठोका. आणि मग एक नव्हता. काळोखात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसे. लगेच सर्व पूर्ववत झाले.

"झालं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "इतक्या थोड्या जोरातही तुमचं भागतं. मी त्याच्या दुप्पट ठेवते."

"दुप्पट?" मी विचारले. आवाज माझा वाटला नाही.

"हो. काही कमीजास्त झालं तर हाताशी असावं म्हणून. दुप्पट ठेवायचीच असते."

म्हणजे दुप्पट मागण्याचा नियम त्यांच्याकडेही होता. फक्त त्या आधी खरी गरज मोजून घेत, आणि मग वाढवत. ह्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. माझ्या धंद्यात ते शक्य आहे की नाही, ह्याबद्दल माझे मत अद्याप बनलेले नाही.

वेग त्यांनी पन्नासवर आणला. त्याच्या खाली हृदय गेले तरच यंत्र हात घालणार. एरवी पाहत बसणार. पडद्यावर नवा अंदाज उमटला: नऊ वर्षांहून अधिक. पत्नीने तो दोनदा विचारून घेतला. मला मात्र त्या आकड्याचा आनंद व्हायला पाहिजे तेवढा झाला नाही. सत्तर हा अंक गेला होता. पन्नास हा शब्द मला फार खोल वाटत होता, आडाच्या तळासारखा.

"आणि चाला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "रोज. दम लागतो तो बॅटरीमुळं नाही, बसून बसून लागतो."

स्टेशनपाशी उतरलो तेव्हा मी सवयीने रिक्षाकडे वळलो. पत्नी वळली नाही. ती पादचारी पुलाकडे चालू लागली, पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत, मागे न पाहता. मी खाली उभा राहिलो. माणसे माझ्या दोन्ही बाजूंनी वर जात होती. पुलाच्या पायऱ्या वर जाऊन वळतात आणि वळणापलीकडे काय आहे ते खालून दिसत नाही. इतकी वर्षे चढूनही हे माझ्या लक्षात आले नव्हते. मध्ये पडलो तर कोणाला कळेल? ह्या गर्दीत पडलेला माणूस किती वेळ पडलेला राहतो? यंत्र आता वाट पाहणार होते. पूर्वी ते माझ्या आधी धावून येत असे. आता ते मला सोडून देणार होते, पन्नासपर्यंत.

पत्नी वळणापर्यंत पोहोचली आणि कठड्याला हात लावून थांबली. मी पहिली पायरी चढलो. मग दुसरी. कठडा घट्ट धरला होता. छातीत ठोके वाढू लागले आणि मला घाम फुटला, कारण गेले दोन महिने मी ज्याच्यापासून पळत होतो ते हेच. ते वाढत गेले. मी थांबलो नाही; थांबलो असतो तर खाली उतरलो असतो. हात सवयीने शर्टाकडे गेला, पण पेटीवर न थांबता तो थोडा खाली, बरगडीवर गेला. तिथे धपधप चालले होते, वेडेवाकडे नाही, भरभर. हे यंत्राचे नाही, असे मी स्वतःला सांगितले. यंत्र पाहत बसले आहे. हे सांगितल्याने भीती गेली नाही. ती माझ्याबरोबर पायरी पायरी चढत होती. पण चढत होतो मीही.

वळणावर पत्नी अजून कठड्याला धरून होती. तिचा चेहरा लाल झाला होता आणि तोंड उघडे होते.

"जरा थांबा," ती म्हणाली. "मला दम लागलाय."

खालून एक गाडी सुटत होती आणि तिच्या धडधडीने पूल हलत होता. आम्ही दोघे तिथे उभे राहिलो. मी डावीकडे सरकून तिला कठड्याची जागा दिली, आणि तिचा दम बसेपर्यंत माझे ठोके कमी होत जाताना ऐकत राहिलो, ते कुठवर खाली येतात ह्याकडे कान लावून.